चहावर केलेला करार

लाकडाच्या डेपोत भुसा कितीही झाडला तरी दुसऱ्या दिवशी असतोच. किश्शांचंही तसंच आहे. मी खांडबाऱ्याची नोकरी सोडून ब्राह्मणपुरीला शेतीवर परत आलो, त्याला कैक वर्षं झाली. पण संध्याकाळी चार टाळकी जमली की कुणीतरी विचारतंच, "अंबूभाऊ, तुमच्या त्या डेपोचं सांगा ना." एक सांगायला घ्यावा, तर त्याच्या पाठोपाठ दुसरा उभाच असतो. सगळे खरे आहेत. फक्त त्यातला एकही मला पुरता समजलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आधी मंडळींची ओळख. महाराष्ट्र राज्य व्हायच्या थोडं आधीपासून थोडं नंतरपर्यंतचा हा काळ. पूर्वी जंगल ठेकेदार घ्यायचा आणि डोंगरातली माणसं त्याच्याकडे राबायची. मग नवापूर तालुक्यात आदिवासींच्या स्वतःच्या जंगल कामगार सोसायट्या निघाल्या. अशा एका सोसायटीचा मी सेक्रेटरी. अध्यक्ष होते होलजीबाबा. घरी ते मावची बोलायचे आणि आमच्याशी बाजारात शिकलेली अहिराणी. लाकडं मोजायला तोताराम, तो नंदुरबारचा.

मुंबईच्या एका काडेपेटीच्या कंपनीला सावरीचं लाकूड हवं होतं. कंपनी म्हणाली, आम्ही माल थेट सोसायटीकडून घेऊ, गावातल्या माणसांना परमनंट नोकऱ्या देऊ, छोट्या धंद्यांना मदत करू, आणि सगळं नीट चाललं तर काड्या कापायची शेड खांडबाऱ्यातच बांधू. नाही चाललं तर मात्र पुन्हा सुरतेच्या ठेकेदाराशी बोलणी. त्या ठेकेदाराचा मुनीम स्टेशनसमोरच्या हॉटेलात बसून आमचं काही बिघडतंय का, याचीच वाट बघत असायचा. होलजीबाबांनी उभं आयुष्य त्या ठेकेदाराच्या शिव्या खाल्ल्या होत्या. ते म्हणायचे, "तो परत उना तर मी मरी जासू, भाऊ." हे ते हसत म्हणायचे नाहीत.

*

कराराच्या दिवशी कंपनीचे मॅनेजर कर्णिक साहेब हार, पेढे आणि डोक्यावर मोठी हॅट घेऊन आले. फार सज्जन माणूस. त्यांनी भाषण केलं, "आजपासून कंपनी आणि सोसायटी भाऊ-भाऊ. नफा असो, नुकसान असो, काम असो, सगळ्यात बरोबरीचा वाटा."

टाळ्या झाल्या. होलजीबाबा उठले आणि म्हणाले, "कंपनी कव्हय येई?"

"मी आलोय ना," कर्णिक म्हणाले.

"तुम्ही कर्णिक साहेब शेतस. कंपनी कथी शे?"

"कंपनी म्हणजे काही माणूस नसतो, होलजीबाबा."

होलजीबाबांनी हातातल्या हाराकडे पाहिलं. "मंग आम्ही भाऊ कोना व्हयनूत?"

कर्णिकांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोतारामकडे पाहिलं. तोताराम रेल्वेची वॅगन आली का ते बघायला निघून गेला. त्या दिवशी वॅगन यायचीच नव्हती.

खरी अडचण तर पुढेच होती. होलजीबाबांच्या लोकांत बोलणं पक्कं झालं की मोहाच्या दारूची धार जमिनीवर सोडतात. आधी देवांना, मग पूर्वजांना, मग माणसांना. त्याशिवाय करार म्हणजे नुसत्या गप्पा. आणि इकडे कडक दारूबंदी! कर्णिक साहेब घामाघूम झाले. म्हणाले, "कंपनीच्या करारात दारू? मला तुरुंगात घालतील."

म्हातारी मंडळी बाजूला जाऊन बसली. खूप खल झाला. शेवटी साहेबांची अडचण देवाच्या कानावर घालायची आणि चहाची धार सोडायची असं ठरलं. होलजीबाबांनी गंभीर चेहऱ्यानं किटलीतला दुधाचा चहा जमिनीवर सोडला. पूर्वजांच्या आधी मुंग्या आल्या.

त्याच आठवड्यात पहिली वॅगन चुकीच्या स्टेशनवर गेली. कर्णिक साहेब तणतणत आले, तर होलजीबाबांनी त्यांना शांतपणे सांगितलं, "चहावर करेल करार शे, साहेब. इतलं तर व्हईच."

पुढे डेपोत काहीही बिघडलं की हेच वाक्य. वजनकाटा अडकला, पाऊस आला, तोतारामला हिवताप झाला, तरी दोष चहाचाच.

*

कराराप्रमाणे पहिली परमनंट नोकरी निघाली ती डेपोच्या चौकीदाराची. गावानं दित्याला पुढे केलं. दित्या उंच, काटक, आणि कमी बोलणारा. त्याला कंपनीचा खाकी लोकरी कोट मिळाला, पितळी बटणांचा. एक काठी आणि एक शिट्टी मिळाली. कर्णिकांनी स्वतः त्याला शिकवलं, "फाटकावर कुणीही येवो, तीन प्रश्न विचारायचे. कोण? कुठून? कशासाठी? उत्तर पटलं तरच आत सोडायचं."

दित्यानं ते मनावर घेतलं. मी रोज सकाळी कामावर जायचो, तर काठी आडवी. "कोन? कथाईन? कसाकरता?" मी रोज सांगायचो, अंबालाल, खांडबाऱ्याहून, नोकरीसाठी. मग काठी वर जायची. एकदा सर्दीनं माझा आवाज बसला होता, तर बाहेरच उभा राहिलो.

एका सोमवारी मला दिसलं की कोटाच्या बाह्या बोटांच्या खाली लोंबताहेत. दित्या आजारी होता की काय? विचारलं तर म्हणाला, नाही. पुढच्या सोमवारी त्याच कोटाची बटणं पोटावर लागेनात. मला चष्म्याची शंका आली. रजा टाकून नंदुरबारला गेलो. डॉक्टर म्हणाले, चष्मा ठीक आहे. परत आलो, तर फाटकावर पांढऱ्या मिशीचा दित्या.

मी तोतारामला बाजूला घेतलं. तो म्हणाला, "कोट तोच शे, शिट्टी तीच शे. मानूस कसाले दखी ऱ्हायनात, भाऊ?"

शेवटी होलजीबाबांकडे गेलो. त्यांनी मला समजावलं. गावात कुणाचं घर उभारायचं असो की पीक कापायचं असो, सगळं गाव त्याच्याकडे जातं, काम उरकतं, एकत्र जेवतं. याला ते लाहा म्हणतात. "नोकरी गावले भेटी," होलजीबाबा म्हणाले. "दित्या एकटा कितला दिन उचली? आम्ही त्याना लाहा कया. जो मोकळा ऱ्हास, तो कोट घालस."

"अहो, पण नेमणूक दित्याच्या नावावर आहे!"

"नाव दित्यानंच शे. ते आम्ही बदलं का?"

ते खरंच बदललं नव्हतं. कोट घातलेला प्रत्येक जण दित्या या हाकेला ओ देत होता.  कंपनीला हे कळलं तर फसवणूक ठरेल, शेड जाईल, सोसायटी जाईल, आणि समोरच्या हॉटेलातला मुनीम एका उडीत रस्ता ओलांडून येईल. पण यात नक्की फसवलं कुणी आणि कुणाला, हे काही मला धड मांडता येईना. कोटातली माणसं बदलत राहिली आणि मी रोज सकाळी माझं नाव सांगत राहिलो.

*

कर्णिक साहेबांना माणसांची चौकशी करायची सवय होती. पहिल्या भेटीत त्यांनी दित्याला विचारलं, घरी सगळे बरे ना? तो खराच दित्या होता. म्हणाला, बायको नुकतीच बाळंत झाली, मुलगी आहे. साहेबांना आनंद झाला.

पुढच्या खेपेला ते आले तेव्हा कोटात लांब बाह्यांचा पोरगेला दित्या होता. वर्षभरात डेपोवर शेकडो चेहरे बघणारे साहेब. कोट बघितला आणि म्हणाले, "काय दित्या, बायको कशी आहे?"

तो लाजला. "बायको नही, साहेब."

कर्णिकांनी हॅट काढली.  मग त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ऑफिसात आले. मला म्हणाले, "इतकी लहान मुलगी मागे ठेवून गेली हो." त्यांचे डोळे भरले होते.  मीही उगाच रुमाल काढला.

त्याच्या पुढच्या खेपेला पांढऱ्या मिशीवाला होता. साहेबांनी जपून विचारलं, "आता घरचं कोण बघतं?"

"बायको," तो म्हणाला. "आज माहेरले गयी."

साहेब तसेच माझ्याकडे आले. दार लावलं. खुर्चीत बसून हळू आवाजात विचारलं, "अंबालाल, या लोकांत मृत्यूबद्दल काही वेगळी कल्पना असते का?"

मी म्हणालो, "असावी, साहेब."

*

पहिल्या दिवाळीला हेड ऑफिसनं सुट्टी दिली आणि मुंबईहून मिठाईचे बॉक्स पाठवले. मी डेपोला कुलूप लावून ब्राह्मणपुरीला गेलो, लक्ष्मीपूजन केलं. परत आलो तर कळलं, त्या दिवशी सगळे मजूर कामावर आले होते आणि संध्याकाळपर्यंत फाटकाबाहेर बसून राहिले होते. चौकीदारानं त्यांना तीन प्रश्न विचारून आत सोडलं नव्हतं, कारण कुलपाची किल्ली त्याच्याकडेही नव्हती.

सुट्टी संपली, काम सुरू झालं, आणि काही दिवसांनी डेपो ओस! साइडिंगला वॅगन रिकामी उभी. कळलं की एका गावची दिवाळी आहे. दोन दिवसांनी माणसं आली, तर दुसऱ्या गावची दिवाळी. तिथं दिवाळी कॅलेंडर बघून येत नाही. प्रत्येक गाव आपापला दिवस ठरवतं, आणि बाकीची गावं नाचायला जातात. थंडी संपत आली तरी दिवाळी संपेना.

कर्णिक साहेबांची तार आली, दिवाळी कधी संपणार? मी ती होलजीबाबांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "कोनती?"

शेवटी साहेब स्वतः आले. त्यांनी हात जोडून विनंती केली की सगळ्या गावांनी मिळून एकच दिवस धरावा. कंपनी ढोल देईल, मिठाई देईल, काय हवं ते देईल. होलजीबाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग खऱ्याच काळजीनं विचारलं, "बठा गावं एकच दिन दिवाळी करतीन तर पावना कोन व्हई?"

कर्णिक साहेबांनी जोडलेले हात खाली घेतले. मग म्हणाले, "बरोबर आहे." आणि ते बरोबर आहे याचा त्यांना इतका राग आला की दुपारी जेवले नाहीत. रिकामी वॅगन परत जाताना होलजीबाबा चहाबद्दल काही बोलणार होते, पण मी डोळ्यांनीच त्यांना गप्प केलं.

*

छोट्या धंद्याला मदत, हेही करारात होतंच. ठरलं की फाटकाजवळ चहाचं दुकान काढायचं आणि ते गावातल्या बाईनं चालवायचं. कंपनीनं पत्र्याची टपरी दिली, स्टोव्ह दिला, कपबशा दिल्या. होलजीबाबांनी एका हसऱ्या बाईला पुढे आणलं. कडेवर मूल होतं. म्हणाले, "हाई भुरीबाई. दित्यानी बायको."

कर्णिक साहेब बाकावर बसले. बराच वेळ त्यांनी भुरीबाईकडे पाहिलं, मग मुलीकडे, मग माझ्याकडे.

"हीच का ती?"

"हो, साहेब."

"बरं वाटलं बघून," ते म्हणाले आणि दोन कप चहा प्यायले. त्या वेळी त्यांना सगळं उमगलं होतं की आणखीच गोंधळले होते, ते मी आजही सांगू शकत नाही. त्यांनी विचारलं नाही. मीही विषय काढला नाही.

दुकान चाललं झकास, फक्त धंदा झाला नाही. लांबून आलेला माणूस पाहुणा आणि गावातला माणूस घरचा, दोघांकडूनही भुरीबाई काही घेईना. कुणी सरपण आणून टाकायचं, कुणी शेंगा. कर्णिक साहेबांपुढे मात्र तिनं पहिल्याच दिवशी हात पसरला. साहेबांना कौतुक वाटलं. निदान एकाला तरी तिनं गिऱ्हाईक मानलं म्हणायचं. त्यांनी नाणं ठेवलं, तर तिनं ते परत केलं. म्हणाली, कंपनी आणि आम्ही भाऊ-भाऊ ना? "भाऊ बहीनना घर खाली हात येस का?"

तेव्हापासून साहेब मुंबईहून येताना कधी बांगड्या, कधी झबलं, कधी साखरेची पुडी आणू लागले. हेड ऑफिसात त्या दुकानाची नोंद काय झाली असेल कोण जाणे.

*

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही, कारण ऐकणारा अर्थ विचारतो.

शेड बांधायची की नाही हे ठरवायला कंपनीचे सगळ्यात मोठे साहेब मुंबईहून येणार होते. त्यांना आमच्या डेपोतली एकच गोष्ट फार आवडली होती. चौकीदार! नोकरी लागल्यापासून एकही रजा नाही, आजारपण नाही, उशीर नाही. हेड ऑफिसात म्हणे दित्याचं उदाहरण देत. त्याला द्यायला मोठे साहेब मनगटी घड्याळ आणणार होते. कर्णिकांच्या तोंडून हे ऐकल्यापासून मला झोप नव्हती.

त्यात ज्या दिवशी साहेब आले, त्याच दिवशी होलजीबाबांच्या गावची दिवाळी. डोंगराकडून सकाळपासूनच ढोल ऐकू येत होते. गाव केवळ साहेबांसाठी थांबलं होतं आणि एका पायावर उभं होतं.

मोठे साहेब सकाळच्या गाडीनं उतरले. मुंबईचा पातळ बुशकोट, आणि खांडबाऱ्याला हाडं गोठवणारी थंडी. फाटकावर त्या दिवशी खरा दित्या होता. त्यानं काठी आडवी धरून तीन प्रश्न विचारले. साहेब खूश झाले. उत्तरं दिली आणि आत आले.

पण त्यांच्यामागोमाग मुनीमही आत घुसला होता. साहेबांचा सामानवाला समजून दित्यानं त्याला सोडलं. मुनीमानं साहेबांच्या कानाशी लागून सांगितलं, "शेठ, आ चौकीदार एक नथी. आखं गाम छे." मग काम फत्ते झाल्यासारखा तो हॉटेलात कागद आणायला गेला. ठेकेदाराचा करार तयारच होता.

मोठ्या साहेबांचा चेहरा बदलला. त्यांनी कर्णिकांना विचारलं. कर्णिकांनी हॅट काढली. साहेबांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि विचारलं, "यातला दित्या कोण?"

खरा दित्या म्हणाला, मी. पोरगेला म्हणाला, मी. पांढरी मिशी म्हणाली, मी. असे आणखी काही आवाज आले.  मला ब्राह्मणपुरीतली घरची केळीची बाग दिसायला लागली होती.

होलजीबाबा मोठ्या साहेबांकडे निरखून बघत होते. त्यांनी कर्णिकांना विचारलं, "साहेब, हाऊच कंपनी का?"

कर्णिक इतके थकले होते की ते म्हणाले, "हो, होलजीबाबा. हीच कंपनी."

होलजीबाबांचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांनी भाऊ भेटला होता.

मोठे साहेब करड्या आवाजात म्हणाले, "खरं सांगा. चौकीदार एक आहे की अनेक?"

"काम एक शे. मानसे बदलतस," होलजीबाबा म्हणाले. त्यांना लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं.

"मग आज कोणाची पाळी?"

होलजीबाबांनी ओळीवरून नजर फिरवली. ढोल जोरात वाजत होते. प्रत्येक जण डोंगराकडे बघत होता. ते पुढे झाले, त्यांनी दित्याच्या अंगातला कोट काढून घेतला आणि थंडीनं कुडकुडणाऱ्या मोठ्या साहेबांच्या अंगात घातला. वरपर्यंत बटणं लावली. एका हातात काठी दिली, दुसऱ्या हातात शिट्टी.

"बठासनी बारी व्हई गयी," ते मायेनं म्हणाले. "फक्त कंपनीनीच ऱ्हायेल व्हती. तीन गोष्टी इचारा, मंग आत सोडा."

आणि गाव निघालं. भुरीबाईनं साहेबांच्या बाजूला चहाची किटली ठेवली. कुणीतरी कर्णिकांचा हात धरला आणि तेही ढोलाकडे चालू लागले. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मी आणि तोताराम तेवढे ओंडक्यांच्या थप्पीआड उभे राहिलो, पुढे काय होतं ते बघत.

 मोठे साहेब फाटकावर जाऊन स्टुलावर बसले. कपभर चहा ओतून घेतला. कोट त्यांना बरोबर बसला होता.

थोड्या वेळानं मुनीम आला. काखेत करार, तोंडात पान, चेहऱ्यावर हसू. तो थेट आत शिरायला लागला, तसे साहेब उठले आणि काठी आडवी झाली.

"कोण?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

मुनीम हसला. मग साहेब हसत नाहीत हे पाहून त्यानं नाव सांगितलं.

"कुठून?"

"सुरतहून, शेठ."

"कशासाठी?"

मुनीमानं तोंड उघडलं, काखेतल्या कागदाकडे पाहिलं, रिकाम्या डेपोकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं. "उत्तर पटलं तरच आत," साहेब म्हणाले, आणि शिट्टी ओठांशी धरून वाट बघत उभे राहिले.